पुस्तकाची चामडी बांधणी
(यवतमाळ येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



पुस्तकांविषयी बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. मी पुस्तकातील मजकुराविषयी न बोलता त्याच्या चामडी वेष्टनाविषयी बोलणार आहे.

वडिलांची रापी मी जन्मभर हाती धरली नाही. ‘तू लेखणी धर,’ ही त्यांचीच ताकीद होती. सेवानिवृत्तीनंतर माझ्या मोल्सवर्थच्या कोशाचा पुठ्ठा निखळला. तो चामड्यात बांधावा असे मनाने घेतले आणि माळ्यावरची रापी खाली आली.

प्रथम जोड्यांचे क्रोम चामडे आणले. ते रबरासारखे ताणे आणि कडा तासू जाता रापीखालून निसटे. वनस्पतीने कमावलेले चामडे हवे, हे कळण्यास एक तुकडा खर्ची पडला. मग हिरड्याने कमावलेले बकऱ्याचे चामडे मिळवले. त्यावर कढत सरस लावला, तो ते आक्रसून कडक झाले. तिसऱ्या खेपेस गव्हाच्या पिठाची खळ वापरली, चामडे ओले चढवले, वर लोखंडी वजन ठेवले. सकाळी पाहतो तो वजनाएवढा काळा डाग! हिरड्यातील तुरट द्रव्याशी ओलसरपणी लोखंडाचा संयोग झाला, की शाईच तयार होते. चामडे काळे करण्याची जुनी युक्ती हीच. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या वावरलेली ही गोष्ट मला पुस्तकात वाचून कळली, याची खंत डागापेक्षा अधिक वाटली.

शिलाईविषयी बोलत नाही. ती बऱ्यापैकी जमली. खरा त्रास वैशाखाने दिला. आपल्या यवतमाळच्या उन्हात चामडे झपाट्याने सुकून आखडे व पुठ्ठे बाहेरच्या बाजूस वाकत. आतून कागद चिकटवल्यावर दोन्हीकडील ओढ सारखी झाली.

चामड्याची पारख मात्र साऱ्या जगाला अवघड गेली आहे. ग्रंथालयांतील बांधणीची भुकटी का होते, याचा अहवाल लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सच्या समितीने १९०५ साली प्रसिद्ध केला. आपल्याकडील तरवडाच्या सालीने कमावलेली कातडी त्यात बांधणीस कुचकामी ठरली; सुमाक या झुडपाच्या पाल्याने कमावलेली टिकाऊ ठरली. हिरडा गुणाने सुमाकाच्या वर्गात बसतो.

पाचव्या प्रयत्नात कोश बांधून झाला. तो उघडतो, मिटतो. परंतु कोपऱ्यांवरील घडी जाडच राहते. रापी चालवलेले काही वडीलधारे सभेत बसले आहेत. कोश व्यासपीठाशेजारी ठेवला आहे. जाण्यापूर्वी त्यांनी कोपऱ्यांवरून बोट फिरवून पाहावे आणि माझे कोठे चुकते ते सांगावे. रापी मी सोबत आणली आहे.