फुप्फुसाचा कर्करोग व शरीराचे पहारेकरी

रक्तांतील पांढऱ्या पेशी परक्यास ओळखून त्याचा नाश करितात. मग फुप्फुसांत वाढणारा कर्करोग त्यांच्या तावडींतून सुटतो कसा?

१९९२ सालीं क्योटो येथें तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंत पीडी-१ हें प्रथिन सांपडलें. तें टी-पेशींवर असतें व लगामाचें काम करितें. पहारेकऱ्यांनीं घरच्यांवरच शस्त्र उगारूं नये, एवढ्यासाठीं निसर्गानें केलेली ही तजवीज. कर्कपेशी मात्र भारी लबाड! पीडी-एल-१ हें जोडीचें प्रथिन अंगावर धारण करून ती तोच लगाम खेंचते, आणि टी-पेशी शत्रु समोर असतांहि थबकते.

हा लगाम सोडविणारीं औषधें आतां निघालीं आहेत. त्यांपूर्वीं गांठीचा तुकडा काढून किती कर्कपेशींवर पीडी-एल-१ आहे, हें सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतात. पसरलेल्या रोगाच्या नेहमींच्या प्रकारांत तें निम्म्या किंवा अधिक पेशींवर आढळल्यास, व विशिष्ट जनुकदोष नसल्यास, पेंब्रोलिझुमॅब हें औषध आरंभापासून एकटेंच देण्यास अमेरिकेंत २०१६ सालीं मान्यता मिळाली. तथापि ही खूण पुरती भरंवशाची नव्हे. ती ठळक असूनहि कित्येकांस गुण येत नाहीं, आणि ती नसलेल्या कांहींस येतो. शिवाय सुटलेला लगाम घरच्यांसहि भोंवतो. कांहीं रोग्यांच्या निरोगी फुप्फुसासच सूज येऊन श्वास कोंडतो, आणि औषध थांबवावें लागतें.