राणीबागेतली झाडं आणि आपले अल्बम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला बजावलंय, दहा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर बोलू नकोस. त्यांचं बरोबर आहे. म्हणून मी झाडांवर बोलते. आमच्या धंद्यातही ‘ट्री’ असतो म्हणा, पण आम्ही तो उलटा काढतो, मूळ वर आणि पानं खाली. गीतेचा पंधरावा अध्याय ज्यांनी पाठ केला होता त्यांना याचं नवल वाटणार नाही.

आपल्या शाळेपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर राणीची बाग. सरकारी कागदावर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, आपल्या तोंडी अजूनही राणीची बाग. आपल्यातल्या बहुतेकांचं घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, आणि अभ्यास गॅलरीत. गावाहून पाहुणे आले की एक दिवस राणीच्या बागेचा ठरलेला. पाणघोडा बघायचा, माकडं बघायची, शेंगदाणे खायचे, हत्तीच्या पुतळ्यापुढे फोटो काढायचा आणि परत. झाडं तिथे होती, पण ती सावलीसाठी. झाडं बघायला कोणी राणीच्या बागेत जात नसे.

गंमत अशी की ही बाग सुरू झाली ती झाडांसाठीच. शिवडीला आज जिथे ख्रिस्ती दफनभूमी आहे, तिथे पूर्वी एका कृषी-उद्यान संस्थेची बाग होती. ती जागा गेली आणि बाग भायखळ्याला आली. १८६२ मध्ये लेडी फ्रियर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. पुढे १८७३ मध्ये ती पालिकेकडे आली. वाघ-सिंह नंतरचे. म्हणजे मुळात ही वनस्पतींची बाग, आणि प्राणी तिच्यात राहायला आलेले भाडेकरू. आज ही बाग पन्नासेक एकरांची आहे आणि तिच्यात तीन हजारांहून अधिक मोठी झाडं आहेत, अडीचशेहून अधिक जातींची. आफ्रिकेतली गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती, मादागास्करचा कोलव्हिलिया, म्यानमारकडची उर्वशी. परदेशी झाडं की देशी झाडं यावर हल्ली फार हिरिरीने भांडतात. दीडशे वर्षं भायखळ्यात राहिलेल्याला परदेशी म्हणायचं का, हे मला तरी ठरवता येत नाही. आपल्यातल्या किती जणांचे आजोबा रत्नागिरीहून नाहीतर साताऱ्याहून आले होते!

आता मुद्द्यावर येते. २००७ च्या सुमारास पालिकेने बागेच्या कायापालटाची योजना मांडली. खर्च चारशे कोटींहून अधिक. आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय उभं करायचं होतं. ते वाचून बहुतेक मुंबईकरांना आनंदच झाला असेल, कारण पिंजऱ्यांची अवस्था आपण पाहिली होती. पण काही नागरिकांनी, त्यांत बऱ्याचशा बायका, एक साधा प्रश्न विचारला. एवढं बांधकाम कुठे करणार, आणि तिथे आत्ता काय उभं आहे? ‘सेव्ह राणी बाग बोटॅनिकल गार्डन फाउंडेशन’ या नावाने तो गट पुढे ओळखला गेला. बागेत हिंडून त्यांनी झाडांच्या नोंदी केल्या, जाती ओळखल्या आणि बाग वारसा यादीत आहे हे वारंवार दाखवून दिलं. पत्रं, बैठका, वारसा समितीपुढचं म्हणणं असं ते काही वर्षं चाललं. शेवटी ती अवाढव्य योजना आक्रसली.

मला यातली घोषणा, मोर्चे यांपेक्षा यादी महत्त्वाची वाटते. ‘झाडं वाचवा’ असं म्हणणाऱ्याला अधिकारी सांगू शकतो, वाचवू हो, दुसरीकडे लावू. पण ‘या जागी अमुक जातीचं, एवढ्या घेराचं झाड आहे आणि मुंबईत याची मोजकीच झाडं आहेत’ असं म्हटलं की त्याला फाइल उघडावी लागते. हे मी आमच्या क्षेत्रातही रोज बघते. तक्रार करणाऱ्याकडे नोंद असेल तर तक्रार पुढे सरकते.

गेली काही वर्षं आम्ही आठ-नऊ जण सुट्टीच्या सकाळी बागेत जातो. आमचा गट अगदी लहान आहे, त्याला नावही नाही. एक निवृत्त पोस्टमन, दोन कॉलेजच्या मुली, एक बँकेतले गृहस्थ, मी. काम कंटाळवाणं आहे. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाला टेप लावायची, घेर लिहायचा, पान-फूल-शेंग असेल त्याचा फोटो काढायचा. मला वाटलं होतं की मोबाइलवर जागा टिपली की झालं. पण गर्द झाडीखाली मोबाइल दहा-दहा मीटर चुकतो, आणि तीन झाडं नकाशावर एकाच ठिपक्यात येऊन बसतात. मग आम्ही पोस्टमनकाकांची पद्धत घेतली. पक्क्या खुणेपासून पावलं मोजायची. ‘कारंज्यापासून उत्तरेला चाळीस पावलं, डाव्या हाताला दुसरं.’ पत्ता शोधण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्यापुढे आमचं सॉफ्टवेअर काय करणार?

आणि बागेतले माळी. पाटीवर लॅटिन नाव असतं, इंग्रजी नाव असतं, माळ्यांकडे तिसरंच असतं. कुठलं झाड कोणत्या पावसात पडलं आणि त्या जागी काय लावलं, हे त्यांना तोंडपाठ. हे कुठेच लिहिलेलं नाही. एकेक जण निवृत्त होऊन गावी जातो, की तेवढी पानं गळाली. आमच्या तक्त्यात आता ‘माळ्यांचं नाव’ असा एक रकाना आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा.

पेंग्विनबद्दल तुम्ही विचारणारच, म्हणून सांगून टाकते. २०१६ मध्ये ते आले, २०१७ पासून लोकांना बघायला मिळू लागले, आणि त्याच वर्षी तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झालं. पेंग्विन पाहून पोरं खूश होतात, त्यात वाईट काही नाही. पण खोलीत जागा नाही म्हणून संध्याकाळी बागेत जाऊन बसणारी माणसं आपण पाहिली आहेत. त्यांच्यासाठी पन्नास ही वेगळी रक्कम आहे. बागेबद्दल बोलणाऱ्यांत हा मुद्दा फारसा निघत नाही, कारण बोलणाऱ्यांना पन्नास रुपये जड नसतात. आपल्याकडची माणसं तिथे बोलायला हवीत असं मला वाटतं ते यासाठीही.

आता तुमच्याकडे माझं काय काम आहे ते. महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. झाड तोडायचं तर त्याची जाहीर नोटीस लावावी लागते, आणि हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. हे चांगलंच झालं. पण झाडाचं वय सांगायचं कसं? खोड कापून वलयं मोजायची तर झाडच गेलं, आणि आपल्या हवेतल्या बऱ्याच झाडांत ती वलयं धड दिसतही नाहीत. घेरावरून अंदाज बांधतात, पण अंदाजावर वाद घालता येतो. ‘हे चाळीसच वर्षांचं असेल’ असं समोरचा म्हणाला, की तुम्ही काय दाखवणार?

जुना फोटो दाखवता येतो. आमच्याच घरच्या अल्बममध्ये १९७४ चा एक फोटो आहे. आई-बाबा लग्नानंतर पहिल्यांदा बागेत गेले होते तेव्हाचा. बाबा ताठ उभे, आईने पदर सावरलेला, आणि दोघांच्या मागे एक झाड, तेव्हाच दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं. मी फोटो घेऊन बागेत गेले. झाड आहे. फांदीचा तो वळसासुद्धा तसाच आहे.

विचार करा, लालबाग, परळ, काळाचौकी, भायखळा, इथल्या किती घरांत असे फोटो असतील! कुणाचा साखरपुडा झाल्यावरचा, कुणाच्या भावाच्या नव्या शर्टाचा, कुणी संग्रहालयाबाहेरच्या घारापुरीच्या दगडी हत्तीपुढे उभं राहून काढलेला. तो हत्ती १८६४ मध्ये इंग्रज विलायतेला न्यायला निघाले होते. उचलताना तो पडून फुटला म्हणून इथे राहिला आणि पुढे जोडून उभा केला गेला. शेजारीच काळा घोडाही आहे, ज्याच्या नावाने फोर्टातली जागा अजून ओळखली जाते. आपल्या आईवडिलांनी फोटो काढला तो माणसांचा. मागची झाडं त्यात आयती आली. गिरण्या बंद झाल्या, आपण डोंबिवली, विरार, बदलापूर, काही जण त्याहून लांब पांगलो. अल्बम मात्र आपल्याबरोबर गेले. माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, फोटो एकमेकांना चिकटतात, आणि खोली विकताना रद्दीत जातात.

तर कृपा करून शोधा. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, अल्बमच्या पानासकट मोबाइलने टिपा, उजेड खिडकीचा असू दे, फ्लॅश नको. मागे तारीख असेल तर तीही टिपा. तारीख नसेल तर आई-मावशींना विचारा, त्यांना साडीवरून वर्ष सांगता येतं. हे विचारायचं काम यंदाच करा, पुढच्या मेळाव्यापर्यंत थांबू नका. चेहरे दाखवायचे नसतील तर आम्ही झाकून ठेवू, आम्हाला मागचं हवंय. आपल्या बॅचच्या ग्रुपवर पाठवा, मी त्यातून जमवून घेईन. आणि सर, बाई, शाळेच्या सहलींचे फोटो तुमच्याकडे असतील तर तेही द्या. आपल्यापैकी कोण त्यात रडतंय ते मी कुणाला सांगणार नाही.

ज्यांना टेप धरायला यायचंय त्यांनी मला जेवणाच्या वेळी गाठा. टोपी आणि पाणी आणा. बुधवारी बाग बंद असते.