विहिरीचे पाणी आणि नदीचा गाळ

सोनपेठच्या बाजूला, गोदाकाठच्या गावांत, जुन्या बायांना विचारा. कुठल्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते आणि कुठल्या पाण्यात ती टणक राहते, हे त्या चटकन सांगतील. पाऊस तर साऱ्या रानावर सारखाच पडला. मग हा फरक आला कुठून?

पावसाचे पाणी मातीत मुरताना मुळांनी आणि जंतूंनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड त्यात विरघळतो आणि ते किंचित आंबट होते. हे पाणी आपल्या काळ्या पाषाणाला सावकाश खाते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटते आणि पाणी जड होते. चिकण मातीत मात्र उलटा व्यवहार चालतो. माती कॅल्शियम ठेवून घेते, सोडियम देते. पाणी मऊ होते खरे, पण असले पाणी वर्षानुवर्षे दिले की रान चोपण होते!

आता नदीच्या गाळाकडे येऊ. वाळूत झिरा खणला की पाणी कसे नितळ लागते! गढूळपणा आणि पुष्कळसे जंतू वाळू अडवते. शेतातल्या खताचे नायट्रेट मात्र ती अडवीत नाही. ते नाहीसे होते पालापाचोळा कुजलेल्या गाळात. तिथले जंतू आधी पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग नायट्रेटमधला ओढून घेतात. उरतो निरुपद्रवी नायट्रोजन वायू. पुढे गाळातले लोखंड विरघळू लागते. म्हणून एखाद्या बोअरचे पाणी उपसताना स्वच्छ असते आणि घागरीत ठेवले की तांबूस होते. त्याहीपुढे कुजक्या अंड्याचा वास येतो.

गंमत अशी, की या तांबूस पाण्यात नायट्रेट बहुधा नसते, आणि ज्याची आपण तारीफ करतो त्या नितळ पाण्यात ते असू शकते. तांबूस पाणी प्या, असे मी म्हणत नाही. पण नितळ दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते. त्याहून जास्त असले, तर वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडू शकते. उकळून ते जात नाही. पाणी आटते, नायट्रेट उरते.

घरात तान्हे मूल असेल तर पाणी तपासून घ्या. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरा आणि गार ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचवा. उशीर झाला, तर जंतू बाटलीतसुद्धा आपले काम चालू ठेवतात.