प्रश्नचिन्हाच्या पुढचा मजकूर



 अध्यक्षीय भाषणात व्यवसायाच्या भवितव्यावर बोलायची प्रथा आहे. मी मात्र आज एका लहानशा फंक्शनवर बोलणार आहे. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीत ‘पार्स-क्यूएस’ नावाचं फंक्शन आहे. वेबपत्त्यात प्रश्नचिन्हाच्या पुढे जो मजकूर येतो, म्हणजे क्वेरी स्ट्रिंग, ती घ्यायची आणि तिच्यातली नावं आणि मूल्यं सोडवून हातात द्यायची, एवढंच त्याचं काम. आपल्यापैकी अनेकांनी ते वापरलं आहे, आणि घाईच्या वेळी त्याच्याऐवजी दोन ओळींचं स्प्लिट लिहिणारेही इथे पुष्कळ असतील. त्या दोन ओळी लिहू नका, हे सांगायला मी उभा आहे.

उल्हासनगरच्या पत्त्यापासून सुरुवात करतो. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते मिळालेलं नाव. छावणीच्या वसाहतीचं शहर झालं, पण जुन्या वस्तीतला पत्ता अजूनही आकड्यांनीच सांगतात: कॅम्प अमुक, सेक्शन अमुक, बॅरेक अमुक, रूम अमुक. वेबफॉर्ममध्ये हा पत्ता भरला की त्याची स्ट्रिंग होते ‘कॅम्प=४&बॅरेक=१२३&रूम=’. इथे रूमपुढे काही नाही. कोणी जुना रूम नंबर मुद्दाम पुसला असेल. पार्स-क्यूएस मुळात रिकामी मूल्यं टाकून देतं, त्यामुळे आपल्या हातात येणाऱ्या डिक्शनरीत ‘रूम’ ही कीच नसते. खालचा प्रोग्राम समजतो की रूमबद्दल काही बोलणंच झालं नाही, आणि डेटाबेसमधला जुना नंबर तसाच राहू देतो. पार्सल जुन्या खोलीवर जातं. ‘कीप-ब्लँक-व्हॅल्यूज’ हा पर्याय त्यासाठीच आहे, पण तो आपण स्वतः चालू करावा लागतो. रिकामं ठेवणं आणि मुळात न पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक लायब्ररीने न विचारता पुसावा हे मला पटलेलं नाही. जुनी सवय म्हणून ते तसं राहिलं आहे, पण आपल्या कोडमध्ये तरी तो पर्याय लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पैशाकडे वळू. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली यूपीआय आणलं. फर्निचर बाजारात, जीन्सच्या गाळ्यात, अंबरनाथच्या शिवमंदिराबाहेर हारफुलांच्या टपरीवर आज जो क्यूआर कोड चिकटवलेला दिसतो, त्यात सहसा ‘यूपीआय’ने सुरू होणारा एक पत्ता असतो आणि पुढे क्वेरी स्ट्रिंग असते. ‘पीए’ म्हणजे पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, ‘पीएन’ म्हणजे त्याचं नाव, ‘एएम’ रक्कम, ‘सीयू’ चलन, ‘टीएन’ शेरा. म्हणजे ज्या स्ट्रिंगला आपण कॉलेजात दहा मिनिटं दिली, तिच्यावर आता भाजीवाल्याचा गल्ला उभा आहे.

समजा दुकानाच्या पाटीवर ‘अमुक & सन्स’ लिहिलं आहे. कोड बनवणाऱ्याने ते नाव जसंच्या तसं स्ट्रिंगमध्ये टाकलं. वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी & म्हणजे इथे एक जोडी संपली. नाव उरलं ‘अमुक’, आणि ‘सन्स’ ही बिनमूल्याची वेगळी की झाली. पार्स-क्यूएस तिला मुकाट्याने टाकून देतं, एररसुद्धा येत नाही. बरोबर पद्धत अशी, की नावातला & आधी ‘%२६’ करायचा. लायब्ररीचं ‘यूआरएलएनकोड’ ते करून देतं. वाचताना क्रम तितकाच महत्त्वाचा: आधी स्ट्रिंग तोडायची, मग प्रत्येक तुकडा डीकोड करायचा. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये मी बहुतेक वेळा उलटा क्रम पाहिला आहे. आधी डीकोड केलं की ‘%२६’चा पुन्हा & होतो आणि नाव पुन्हा तुटतं. बरोबरचं चिन्हही असंच. डिजिटल सहीच्या शेवटी = आलं, तर साधं स्प्लिट तीन तुकडे करतं. लायब्ररी मात्र पहिल्याच = वर थांबते.

अधिकच्या चिन्हाची कथा निराळी. फॉर्मच्या नियमानुसार क्वेरीतलं + म्हणजे मोकळी जागा. दुबईत किंवा लंडनमध्ये राहणारा मुलगा वडिलांचा मोबाइल नंबर +९१ ने सुरू करून देतो, आणि तो एनकोड न करता पाठवला तर सर्व्हरवर + गायब होऊन नुसती जागा उरते. अँड्रॉइडमध्ये तर जेली बीनच्या आधी हे + डीकोड होत नसे आणि नंतर होऊ लागलं. म्हणजे तीच स्ट्रिंग, तोच कोड, पण २०१२च्या आधीच्या आणि नंतरच्या फोनवर उत्तर वेगळं.

उत्तर वेगळं येणं हाच या विषयातला खरा धोका आहे. एकच की दोनदा आली तर काय करायचं, याचा सगळ्यांना बांधील असा नियम नाही. पायथन दोन्ही मूल्यांची लिस्ट देतं. पीएचपी शेवटचं ठेवतं. गो भाषेतलं ‘गेट’ आणि जावास्क्रिप्टच्या ‘यूआरएल सर्च पॅराम्स’मधलं ‘गेट’ पहिलं देतं. स्टेफानो दि पाओला आणि लुका कारेत्तोनी यांनी २००९ साली या फटीतून होणारे हल्ले दाखवून दिले. रक्कम एकदा ५० आणि एकदा ५००० अशी आली, पडद्यावर दाखवणाऱ्याने पहिली वाचली आणि पुढे पाठवणाऱ्याने शेवटची, तर ग्राहकाने कशाला होकार दिला?

आणि आता अर्धविराम. एचटीएमएलमध्ये & हे चिन्ह स्वतःच विशेष आहे, लिंकमध्ये ते लिहिताना कसरत करावी लागते. म्हणून डिसेंबर १९९९च्या एचटीएमएल ४.०१ने सर्व्हर लिहिणाऱ्यांना सुचवलं, की & बरोबर ; हाही विभाजक म्हणून स्वीकारा. पायथनने तो स्वीकारला आणि वर्षानुवर्षं पाळला. बाकीचं बरंचसं वेब मात्र फक्त & वर राहिलं. त्यातून काय होतं ते पाहा. स्ट्रिंग अशी: ‘दुकान=फर्निचर&मोहीम=१;दुकान=बनावट’. पुढे बसलेला कॅशे सर्व्हर फक्त & ओळखतो. जाहिरातीची ‘मोहीम’ त्याने दुर्लक्षित करायची असं ठरलेलं, म्हणून त्याच्या लेखी ही फर्निचर दुकानाचीच मागणी. मागच्या पायथन प्रोग्रामला मात्र दुसरं ‘दुकान’ही दिसतं, त्याने शेवटचं घेतलं तर तो बनावट पान बनवतो. कॅशे ते पान फर्निचरच्या नावावर साठवतो आणि पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच देतो.

फेब्रुवारी २०२१मध्ये पायथनच्या ३.९.२ आणि ३.८.८ या आवृत्त्यांत हे बंद झालं. विभाजक एकच, मुळात &. ज्याला ; हवा त्याने तसं सांगावं, पण दोन्ही एकत्र नाहीत. ३.६पर्यंतच्या जुन्या शाखांतही हा बदल गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गो १.१७नेही अर्धविराम नाकारला. चालू आवृत्तीत वागणूक बदलल्यामुळे काहींचे चालते प्रोग्राम मोडले, आणि त्यांचा त्रास खरा होता. तरीही मी या बदलाच्या पूर्ण बाजूने आहे. स्टँडर्ड लायब्ररी उदार असेल तर तिच्या उदारपणाची किंमत ज्याने कधी कोड पाहिलाही नाही असा माणूस भरतो.

आता आपल्या लिपीकडे येतो. देवनागरीचं प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं, आणि प्रत्येक बाइटची टक्केवाल्या रूपात तीन अक्षरं होतात. ‘उल्हासनगर’मध्ये मात्रा आणि हलन्त धरून नऊ चिन्हं आहेत, म्हणजे क्वेरीत ८१ अक्षरं. ‘बदलापूर’ची ६३. सिंधीच्या अरबी लिपीतलं अक्षर दोन बाइटांत मावतं. इंग्रजी नाव समोर ठेवून कोणी एनकोड केलेल्या स्ट्रिंगचा डेटाबेसमधला रकाना पन्नास अक्षरांचा ठेवला, तर आपल्या गावाचं नाव मधेच तुटतं. तुटलेला शेवटचा बाइट पार्स-क्यूएस मुळात ‘रिप्लेस’ करतं, म्हणजे एरर न देता तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह बसवतं. मराठी नावाचं हे विद्रूपीकरण आपण फार काळ फाँटचा दोष म्हणून सोडून दिलं. डीकोड करताना ‘स्ट्रिक्ट’ मागा, म्हणजे चूक वेळेवर ओरडेल.

मोठी मागणी, लाखो जोड्या, सर्व्हर गुदमरवणं, हा वेगळा भाग. पायथन ३.८मधला ‘मॅक्स-नम-फील्ड्स’ त्यासाठी आहे, तो वापरा, एवढंच.

माझा एक ठोस प्रस्ताव आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतल्या प्रोग्रामरांनी मिळून क्वेरी स्ट्रिंगच्या चाचण्यांचा एक खुला संच तयार करावा. खऱ्या माणसाचं नाव किंवा नंबर त्यात नको, सगळं काल्पनिक. पण & असलेली दुकानाची नावं, रिकामी रूम, दोनदा आलेली रक्कम, +९१, मधेच तुटलेलं ‘अंबरनाथ’, निरनिराळ्या रीतींनी टाइप केलेला ‘ऱ’, आणि देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्यांतली सिंधी नावं त्यात असावीत. प्रत्येक ओळीपुढे अपेक्षित उत्तर लिहावं. पायथन, गो, पीएचपी आणि जावास्क्रिप्ट चारही भाषांवर तो चालवावा, आणि जिथे उत्तरं जुळत नाहीत ती ओळ ज्या कंपनीत आपण नोकरी करतो तिथल्या टीमसमोर सोमवारी ठेवावी. दुपारच्या सत्रात पहिल्या वीस ओळी लिहायला मी स्वतः बसणार आहे, ज्यांना यायचं त्यांनी लॅपटॉप घेऊन यावं.