घरात कोणते पुस्तक असावे?

(खेड्यातील एका वाचनालयात शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



कोणती पुस्तके वाचावीत आणि कोणती वाचू नयेत, हे आम्ही आज सांगावे अशी येथील तरुण मंडळींची इच्छा आहे. आम्ही मास्तर माणसे, विद्वान नव्हे. तेव्हा जे आम्ही स्वतः वाचले, मुलांस वाचून दाखवले, आणि ज्याचा आम्हांस उपयोग झाला, तेवढेच सांगू. ते आमचे मत आहे, वेदवाक्य नव्हे. पटेल ते घ्यावे, न पटेल ते टाकावे.

परंतु शिफारस करण्यापूर्वी आमच्या पदरचा एक अपराध आपल्यापुढे कबूल केला पाहिजे. नोकरीच्या आरंभी एका शाळेत पुस्तकांचे एक कपाट आमच्या स्वाधीन झाले. वरून ताकीद अशी की, एक जरी पुस्तक गहाळ झाले तरी त्याची किंमत मास्तराच्या पगारातून वळती होईल. आम्ही भ्यालो आणि कपाटाला कुलूप ठोकले. एका लोहाराची मुलगी रोज मधल्या सुट्टीत कपाटाच्या काचेला नाक लावून पुस्तकांची नावे वाचीत उभी राहत असे. तिने एकदा एक पुस्तक मागितले. आम्ही म्हणालो, "पुढे बघू." ती सातवी होऊन शाळा सोडून गेली, तरी आमचे "पुढे" काही आले नाही. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तपासणी आली. कपाट उघडतो तो मागल्या भिंतीतून वाळवी शिरलेली, आणि निम्म्या पुस्तकांची माती झालेली! नोंदवहीत मात्र सारी पुस्तके बिनचूक जमा होती. आमच्या पूर्वजांस विद्याबंदी केली म्हणून आम्ही सभांतून मोठमोठ्याने बोलत होतो, आणि इकडे किल्ली आमच्याच खिशात होती. पुस्तक वाळवीने खाल्ले तरी चालेल, पण लोहाराच्या पोरीच्या हाताला लागू नये, असाच त्या कुलपाचा अर्थ झाला.

असो. आता पुस्तक पारखावे कसे? बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. पुस्तक घेताना मात्र वरचे चित्र पाहून घेतो. पारख करण्याचा धडा आम्हांस एका म्हाताऱ्या कुणबिणीने दिला. संध्याकाळच्या वाचनाच्या बैठकीत आम्ही एक राजवाड्यातली कादंबरी वाचीत होतो. बाई शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "गुरुजी, ह्या बुकातली मानसं सारखी जेवत्यात, पन चुलीपाशी कोन हाय ते काय सांगत न्हाई." आम्ही निरुत्तर झालो. तेव्हापासून कोणतेही पुस्तक हाती आले की आम्ही तीन प्रश्न करतो. यात घाम कोण गाळतो आणि खातो कोण? या पुस्तकाला शंका विचारली तर ते उत्तर देते की शाप देते? आणि वाचून मिटल्यावर माणूस ताठ होऊन कामास लागतो की वाकून? या तीन चाळण्यांतून जे खाली उतरेल ते घरात ठेवावे.

पहिले पुस्तक आमच्या मते तुकोबांची गाथा. देहूच्या या कुणबी वाण्याचे साडेचार हजारांवर अभंग, मुंबई सरकारच्या आश्रयाने 1869 आणि 1873 मध्ये दोन भागांत छापून निघाले. त्याआधी ते वह्यांतून आणि वारकऱ्यांच्या कंठातून जगले. तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे हे जातीचे तेली. अभंग लिहून ठेवणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. म्हणजे रचणारा कुणबी, उतरणारा तेली. आपल्या घरांत गाथा बहुधा असतेच. पण ती लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात असते. तिला हळदकुंकू मिळते, वाचक मिळत नाही. आमची विनंती एवढीच की तिचे फडके सोडावे. रोज एकच अभंग, पण अर्थासह वाचावा. ढोंगी भोंदूंस तुकोबा काय म्हणतात ते तर नीट वाचावे. गाथेच्या शेजारी बहिणाबाई चौधरींची गाणी ठेवावीत. खानदेशातील असोद्याची ही शेतकरीण. तिला अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात ती गाणी रचीत गेली, घरच्यांनी ती टिपून घेतली, आणि तिच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. ज्यांना वाटते की कविता ही शिकलेल्यांची मिरास आहे, त्यांनी हे पुस्तक अवश्य पाहावे.

दुसरे, महात्मा जोतीराव फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड'. हा ग्रंथ 1883 साली पुरा झाला. जोतीरावांनी त्याचे भाग ठिकठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीही ते ऐकले. 'दीनबंधु' हे आपल्याच चळवळीचे पत्र. त्यात आरंभीची प्रकरणे छापली गेली, आणि पुढली छापण्याचे धैर्य चालकांस झाले नाही. आपल्याच माणसाला आपलेच पुस्तक जड झाले! यावरून त्या असुडाचा फटका किती जबर असेल ते समजावे. पुस्तक सोपे नाही. वाक्ये लांबलचक आहेत, एकेका वाक्यात श्वास संपतो. म्हणून आरंभापासून न धरता, शेतकऱ्याचे घर, गोठा आणि ताट यांचे वर्णन ज्यात आहे ते प्रकरण आधी वाचावे. ते ऐकून डोळे न भरणारा शेतकरी आम्ही अद्याप पाहिला नाही. सारा, कर्ज, पाणी, जंगल आणि अविद्या यांची गाठ कशी पडते, हे त्या काळी इतके उघड करून कोणी सांगितले नव्हते.

'गुलामगिरी' हे 1873 चे पुस्तक. जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद. अमेरिकेतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस ते अर्पण केले आहे. कुठे अमेरिका आणि कुठे पुण्याचा माळी, पण दुःखाची ओळख पटली! येथे एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगतो. पुराणकथांचा जो इतिहास त्यात लावला आहे, तो आजच्या संशोधनास जसाच्या तसा मान्य नाही. तेव्हा त्यातील प्रत्येक व्युत्पत्ती खरी धरून भांडू नये. प्रश्न विचारण्याची रीत तेवढी घ्यावी. जोतीरावांचेही पुस्तक पोथी करून पुजू लागलो, तर त्यांचे नाव घेण्याचा आपणांस अधिकार राहणार नाही. ज्या घरी वाचनाची गोडी नाही, त्यांनी त्यांच्या 'तृतीय रत्न' नाटकापासून आरंभ करावा. ते 1855 चे आहे. जोशी एका गरोदर कुणबिणीस ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि शेवटी ते नवराबायको रात्रीच्या शाळेची वाट धरतात. पोरांनी पात्रे वाटून घेऊन मोठ्याने वाचले तर म्हातारी माणसेही जागची हलत नाहीत.

आता भगिनींविषयी. ताराबाई शिंदे या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या मराठा घरातील. 1881 साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सांगितली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी एकट्या तिचीच नव्हे, साऱ्या बायकांची निंदा चालवली. तेव्हा ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून सवाल टाकला की, जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हे पुस्तक लहान आहे, आणि त्याचे शब्द मिरचीसारखे झोंबतात. पुरुष मंडळींनो, आधी ते आपण वाचावे. ब्राह्मणांस प्रश्न विचारताना आपला आवाज चढतो. आपल्याच घरची बाई आपणांस प्रश्न विचारते तेव्हा आपले कान का मिटतात? याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःस द्यावे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून चार भागांत निघाली. कोणी म्हणेल, मास्तर, ही बाई जन्माने ब्राह्मण, पुढे ख्रिस्ती झालेली; तिचे पुस्तक आम्हांस कशाला? बंधूंनो, माणसाची जात पाहण्याचा रोग आपणांस नको म्हणून ही चळवळ. मग पुस्तकाची जात कशाला पाहावी? सोवळ्याचा जाच आतून कसा असतो ते ही बाई हसत हसत सांगते, आणि तिची भाषा घरातल्या बोलण्यासारखी आहे. सासवासुनांनी एकत्र बसून वाचण्यास याहून चांगले पुस्तक आम्हांस ठाऊक नाही.

कादंबऱ्यांत अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा', 1959 ची. वाटेगावच्या मातंग घरात जन्मलेला, शाळेत दीड दिवस बसलेला हा लेखक. दुष्काळात गाव उपाशी मरत असता धान्य लुटून माणसे जगवणारा पुरुष त्याने उभा केला, आणि पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केले. मुलांच्या हाती राजाराणीच्या गोष्टींआधी हे द्यावे.

चरित्रांविषयी एकच हकीकत सांगतो. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मराठा समाजातील शिक्षक. त्यांनी 1898 मध्ये गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले. पुढे मुंबईत एका महार विद्यार्थ्याचा परीक्षा उतरल्याबद्दल सत्कार झाला. त्या वेळी केळुसकर गुरुजींनी हे पुस्तक त्याच्या हाती दिले. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास लाखो लोकांसह त्यांनी बुद्धाचा मार्ग धरला. एक मास्तर, एक मुलगा, एक पुस्तक! हे वाचले की आम्हांस आमचे ते कुलूप आठवते आणि मान खाली जाते.

टाळावयाची पुस्तके थोडक्यात सांगतो. व्रत मोडले तर नवरा बुडेल, पोथी पुढे न पाठवली तर पोर मरेल, अशी धमकी देणारे पुस्तक चुलीत घालण्याच्याही लायकीचे नाही. राशीवरून नशीब सांगणारी, आणि आठ दिवसांत श्रीमंत करणारी पुस्तकेही त्याच माळेची. त्यांतून श्रीमंत होतो तो विकणारा. उलट एक जाड पुस्तक प्रत्येक घरी असावे, ते म्हणजे 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेले भारताचे संविधान. ते मराठीत मिळते. सारे न वाचले तरी मूलभूत हक्कांचा भाग वाचावा. आपला हक्क आपणांस ठाऊक नसला, की आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते.

शेवटी, वेळ नाही ही सबब. कुंभाराचे चाक, सुताराचा रंधा, बाईची चूल यांना सुट्टी नसते, हे खरे. म्हणून एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी हातची कामे करीत ऐकावे. रात्री जेवणानंतर दोन पाने पुरेत. वाचणारी शक्यतो घरातली मुलगी असावी; तिचे वाचन पक्के होते, आणि तिच्या तोंडून ऐकण्याची घरच्यांस सवय लागते.

या वाचनालयाच्या चालकांस आमचे एकच मागणे आहे. पुस्तके फाटू द्या, हळदीचे डाग पडू द्या, एखादे हरवले तर वर्गणी काढून दुसरे आणा. पण कपाटाला कुलूप घालू नका. त्या लोहाराच्या मुलीचे एक पुस्तक आमच्याकडे अजून देणे आहे. ती आज कोणत्या गावी नांदते ते आम्हांस ठाऊक नाही. येथे जी मुलगी पहिले पुस्तक मागेल, तिला ते त्याच क्षणी मिळाले, तर आमचे थोडे देणे फिटले असे आम्ही समजू.

इतके बोलून आपली रजा घेतो.