उन्हाची हजेरी



त्वचारोगाचा अध्यापक दीक्षान्ताच्या व्यासपीठावर उभा राहिला की एखाद्या दुर्धर व्याधीवर बोलेल, अशी आपली अटकळ असेल. मी मात्र ऊन ह्या रोजच्या गोष्टीवर, आणि त्याविषयी लोकांना शहाणे करून सोडण्याच्या आपल्या हौसेवर बोलणार आहे.

1981 साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोगविरोधी परिषदेने सिड नावाचा एक चित्रातला सीगल पक्षी दूरचित्रवाणीवर नाचवला, आणि सदरा, मलम व टोपी ह्या तीन वस्तूंचा महिमा त्याच्या गाण्यातून घरोघरी पोचवला. पुढे तेथील कित्येक शाळांतून बोडक्या डोक्याच्या पोराला उन्हात खेळण्याची मनाईच झाली. गोऱ्या कातडीची माणसे परक्या सूर्याखाली जाऊन वसली होती, तेव्हा त्यांची ती निकड होती. आपल्या त्वचेत मेलॅनिन मुबलक, त्यामुळे त्वचेचा कर्करोग त्या मानाने विरळा. वांग, काळवंडणे, उन्हाने उठणारी खाज ही आपली गाऱ्हाणी. त्या पक्ष्याकडून गाणे उसने घ्यावे, मजकूर आपला असावा. पण आपण नेमका मजकूर उचलतो आणि गाणे तिथेच टाकून येतो.

मीही तेच केले. एका आठवडी बाजारात तक्ता टांगून, सकाळी दहा ते दुपारी चार उन्हात फिरू नये, असे मी मोठ्या गांभीर्याने सांगत असता पुढे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘‘डाक्टरसाहेब, मग हजेरी कोण लावील?’’ त्या रोजगार हमीच्या कामावर माती वाहत होत्या. पदराच्या गाठीतून त्यांनी, शेपटीपासून गुंडाळत आणलेली, एक मलमाची नळी काढली; जावेने आणून दिलेली, दोन वर्षे वांगावर चोळलेली. तीत बीटामेथॅसोन हे स्टेरॉइड होते. गाल लालबुंद, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतल्या शिरा मोजून घ्याव्यात अशा. आणि आता ऊन लागले की चेहरा पेटतो, मलम सोडले की त्याहून पेटतो. स्टेरॉइडची असली मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत, असे फर्मान 2018 साली केंद्र सरकारने काढले खरे. पण जावेला चिठ्ठी कोण विचारतो?

बाईंना ऊन टाळण्याची अक्कल नव्हती असे नाही. डोक्यावर पदर, त्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा, असा त्यांचा बंदोबस्त माझ्या तक्त्यापेक्षा जुना होता. नव्हती ती सावली; आणि ती तर 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत, मुलांसाठी व विश्रांतीच्या वेळेसाठी, पिण्याच्या पाण्याच्या जोडीने चक्क लिहून ठेवलेली. तहसील कचेरीत चौकशी करता, छपराचे कापड नोंदवहीत ‘पोचले’ असे निघाले. प्रत्यक्षात ते सुतळीही न सोडता गुदामात पडून होते. त्वचेच्या आरोग्यासाठी मी केलेले सर्वांत उपयुक्त काम कोणते म्हणाल, तर त्या कापडासाठी दिलेला एक साधा अर्ज. आणि त्यासाठी लागणारी विद्या मला कोणत्याही महाविद्यालयाने शिकवली नव्हती.

पुढल्या खेपेस गेलो तेव्हा ते कापड दोन बाभळींना ताणून बांधलेले होते. मुकादमाने हजेरी सकाळी साडेसहावर आणली होती. बाईंची मलमाची नळी सुटली होती, चेहऱ्याची आग मात्र अजून पुरती शमली नव्हती. आणि कापडाखाली तीन तान्ही मुले झोपली होती. चौथा झोपलेला, खुद्द मुकादम.