स्नायूंचा आजार आणि मुलांची हाडे-सांधे



चार-पाच वर्षांचा मुलगा वारंवार पडतो. जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उभा राहतो. पोटऱ्या मात्र भरलेल्या दिसतात. घरचे म्हणतात, "आळशी आहे." आम्हाला सांगायचे आहे की, हा आळस नसून ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार असू शकतो. त्याची खूण असलेली ही उठण्याची पद्धत डॉ. विल्यम गॉवर्स यांनी 1879 साली वर्णिली.

हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन शरीरात तयार होत नाही, म्हणून स्नायू झिजतात. यात कुणाची नजर लागलेली नाही, आईचाही दोष नाही.

स्नायू दुबळे झाले की सांधे आखडतात. प्रथम टाच उचलली जाते, मग गुडघे आणि खुबे वाकलेले राहतात. चालणे थांबून मूल चाकाच्या खुर्चीत बसू लागले की कण्याला बाक येऊ शकतो. बाक वाढला तर श्वासही अपुरा पडतो.

स्टेरॉइड औषधांनी चालण्याचा काळ वाढतो, बाकही कमी येतो. पण हाडे ठिसूळ होतात. कण्याचा मणका कधी न दुखताही दबतो. म्हणून वेळोवेळी कण्याचा एक्स-रे आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी. मात्र भीतीपोटी औषध एकाएकी बंद करू नये. ते धोक्याचे आहे.

आजार मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. तरीही पालकांच्या हाती पुष्कळ आहे. फिजिओथेरपिस्टकडून शिकून टाच, गुडघे, खुबे रोज हळुवार ताणावेत. रात्री पायाला स्प्लिंट बांधावे. खुर्चीत पाठ सरळ आणि पाय टेकलेले असावेत. हाड मोडले तर डॉक्टरांना आजाराची कल्पना प्रथम द्यावी. फार दिवस अंथरुणात राहिलेले मूल पुन्हा चालेलच असे नाही, म्हणून त्याला लवकर उभे करण्याचा विचार व्हावा लागतो.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट आहे. दाखला काढण्यात संकोच नको.

विद्यार्थी मित्रहो, वर्गात असा मित्र असेल तर त्याला हसू नका. त्याचे दप्तर उचला, जिन्यावर सोबत करा. आणि पालकहो, मूल पडते म्हणून रागावण्याआधी त्याला डॉक्टरांकडे न्या, एवढीच आमची विनंती आहे.